त्रिविध ताप आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



प्रार्थनेच्या अखेरीस आपण ‘शांतिः’ हा शब्द तीन वेळा उच्चारतो. तीनच वेळा का, असे येथील एका मुलाने मला परवा विचारले. परंपरेचे उत्तर असे की, दुःखे त्रिविध आहेत आणि प्रत्येकाच्या शमनार्थ एकेक उच्चार आहे. आजच्या विषयाचा आरंभ मी त्या बालप्रश्नापासूनच करतो.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचा प्रारंभच या त्रिविध दुःखाने होतो. आपल्याच देहापासून व मनापासून उद्भवणारे ते आध्यात्मिक. इतर माणसे, पशू, सर्प यांच्यापासून पोहोचणारे ते आधिभौतिक. आणि शीत, उष्ण, वारा, पर्जन्य अशा दैवी शक्तींपासून येणारे ते आधिदैविक. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात या तिन्ही तापांना एकेक समास दिला. मात्र आधिदैविक ताप म्हणजे मरणोत्तर यमयातना, असा अर्थ त्यांनी केला. या विभागणीतून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या पूर्वसूरींनी साऱ्या दुःखांना एकच कारण चिकटवले नाही. ज्वराला वैद्य हवा, चोराला पहारा हवा आणि अवर्षणाला भरलेले कोठार हवे.

पतंजली याहून खोल जातात. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे पाच क्लेश त्यांनी सांगितले. अनित्याला नित्य समजणे ही अविद्या, आणि उरलेले चार क्लेश याच भूमीत उगवतात. जगण्याची आसक्ती तर विद्वानांनाही सोडत नाही, हेही ते मान्य करतात. परंतु जे दुःख अद्याप आलेले नाही ते टाळता येते, असा धीरही त्यांनीच दिला आहे.

आता कर्माविषयी. येथे थोडे स्वतःचे सांगतो. 1976 साली आई अत्यवस्थ असल्याची तार आली. दोन रात्रींचा प्रवास करून घरी पोहोचलो, तेव्हा सारे आटोपले होते. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “आईचे मुखदर्शन तुझ्या प्रारब्धातच नव्हते.” शब्द शास्त्रातलाच होता; पण तो जिव्हारी लागला. तेरावा करून येथे परतलो, तेव्हा शेजारच्या बंगाली काकूंनी काहीही न बोलता चार दिवस दोन्ही वेळचा डबा आणून ठेवला. त्या दोघांत शास्त्र अधिक कोणाला कळले होते, याचा मी पुष्कळ वर्षे विचार केला.

कर्मासाठी बाणाचा दृष्टांत देतात. भात्यात साठलेले बाण म्हणजे संचित, धनुष्यातून सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध आणि हातात धरलेला बाण म्हणजे क्रियमाण. सुटलेला बाण परत येत नाही, हे खरे. म्हणून प्रयत्न संपल्यावर स्वतःच्या मनाला सावरण्यासाठी प्रारब्ध हा शब्द उपयोगी पडतो. परंतु दुसऱ्याच्या दुःखासमोर आपण उभे असतो, तेव्हा त्याचे प्रारब्ध मोजण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तेथे आपल्या वाट्याला येते ते आपले क्रियमाण. त्याचे दुःख ही आपल्या कर्तव्याची वेळ असते.

लोकमान्यांनी गीतारहस्य 1910–11 च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले. त्यात ‘सुखदुःखविवेक’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे 1912 मध्ये, ते तेथेच बंदिवासात असताना, सत्यभामाबाई निवर्तल्या. जो विवेक त्यांनी कागदावर मांडला होता, त्याची परीक्षा स्वजनांपासून इतक्या दूर द्यावी लागली. 1914 मध्ये सुटका झाली, 1915 मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला आणि ते पुन्हा लोककार्यास लागले. दुःखाचे कारण कळल्याची खूण यापरती कोणती असावी?

आपणही घरापासून दूर राहणारी माणसे आहोत. पूर्वी तार येत असे, आता मध्यरात्री दूरध्वनी वाजतो. काळजाचा ठोका मात्र तसाच चुकतो. या पन्नास वर्षांत मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके केली. त्याचबरोबर अशी वार्ता आलेल्या घरी कोणीतरी जाऊन बसले, कोणी तिकिटाची व्यवस्था केली, कोणी मुले सांभाळली. अहवालात याची नोंद नसेल. पण माझ्या मते मंडळाचे खरे धर्मकार्य तेच होय. पुढील पन्नास वर्षे ते असेच चालावे, एवढी प्रार्थना करून आपली रजा घेतो.