दोन यंत्रे, एक अर्ज

परीक्षेचा अर्ज द्यावयाचा म्हणजे पूर्वी उमेदवाराला खिडकीपाशी उभे राहावे लागे. खिडकीवरचा कारकून अर्ज चाळी, रिकामा राहिलेला रकाना तेथल्या तेथे भरून घेई आणि कागद आत धाडी. आत बसलेला अधिकारी मात्र मूळ दाखले पाहिल्यावाचून सही करीत नसे. खिडकी तत्पर असावी आणि दप्तर सावध असावे, अशी ही कामाची वाटणी होती. आज तोच अर्ज मोबाईलच्या पडद्यावर भरला जातो. पण ती वाटणी काही नाहीशी झालेली नाही.

उमेदवाराच्या हातातील यंत्रावर ब्राउझर असतो आणि त्यात जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञा चालतात. या भाषेचे पहिले रूप ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या १० दिवसांत सिद्ध केले. दूरच्या सर्व्हरवर पीएचपी, जावा, पायथन अशा भाषांतील आज्ञावली काम करते. दोहोंमधील निरोप एचटीटीपी या संकेतानुसार जातात. हा दूत मोठा विसराळू आहे. मागचा निरोप कोणाचा होता हे तो ध्यानात ठेवीत नाही. म्हणून ओळख पटविणारी ‘कुकी’ नावाची चिठ्ठी १९९४ साली योजण्यात आली.

परंतु ओळख पटली म्हणून मने जुळतातच असे नाही. दोन्ही यंत्रांची मापे निराळी असतात. ‘गणेश’ या नावाची लांबी जावास्क्रिप्टला विचारली, तर ती ४ सांगते: ग, ण, एकाराची मात्रा आणि श. पीएचपीची नेहमीची मोजणी तेच नाव १२ भरते असे सांगते. कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. रोमन लिपीत लिहिलेले हेच नाव दोन्हीकडे ६ भरते. पडद्याने ५० चिन्हांची मुभा दिली आणि सर्व्हरने ५० बाइटच राखून ठेवले, तर मराठी नाव १६ चिन्हांनंतर तुटते. बंगाली, तमिळ, कन्नड या लिप्यांचीही हीच गत. केवळ इंग्रजी नावे घालून तपासणी करणाऱ्याला हा दोष कधी दिसतच नाही.

तारखेचा घोटाळा याहून सूक्ष्म. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. येथे १ ऑगस्टची मध्यरात्र सुरू होते, तेव्हा तेथे ३१ जुलैचे सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. ब्राउझरने जन्मतारीख निव्वळ तारीख म्हणून न पाठविता मध्यरात्रीचा क्षण म्हणून पाठविली, आणि सर्व्हरने त्यातील वेळ गाळून टाकली, तर जन्म एक दिवस मागे सरकतो. वयोमर्यादेच्या काठावर असलेला उमेदवार त्या एका दिवसाने अपात्र ठरतो; आणि पडद्यावर तर त्याने तारीख अचूक भरलेली असते! जन्मतारीख हा क्षण नव्हे. ती वर्ष, महिना व दिवस अशा तीन अंकांनीच पाठवावी, हा यावरचा उपाय.

तिसरा प्रश्न विश्वासाचा. ब्राउझरमधील आज्ञा ज्याच्या यंत्रावर चालतात, त्याला त्या बदलताही येतात. शुल्काची रक्कम जर पडद्याकडूनच ठरून येत असेल, तर कोणी लबाड मनुष्य ५०० च्या जागी ५ लिहून धाडू शकेल. म्हणून पडद्याने केलेली तपासणी उमेदवाराच्या सोयीपुरती मानावी आणि सर्व्हरने ती सगळी पुन्हा करावी. येथे पुनरुक्ती हा दोष नव्हे.

याउलट, प्रामाणिक माणसाचेही रक्षण झाले पाहिजे. खेड्यात जाळे क्षीण असते. शुल्क भरले जाते, पण पोच येत नाही, आणि घाबरलेला विद्यार्थी पुन्हा बटण दाबतो. दोनदा पैसे घेणे हा त्याच्यावर अन्यायच होय. प्रत्येक अर्जाबरोबर ब्राउझरने एक स्वतंत्र क्रमांक पाठवावा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हरने नवी वसुली न करता पहिलीच पोच परत द्यावी.

या सर्व गोष्टींचे मूळ एकच. पडदा रचणारे आणि सर्व्हर सांभाळणारे पुष्कळदा निरनिराळ्या दालनांत बसतात, क्वचित निरनिराळ्या शहरांत. लांबी कशी मोजावी, तारीख कोणत्या रूपात यावी, नकाराचे कारण कोणत्या शब्दांत कळवावे, हे त्यांनी काम आरंभण्यापूर्वीच एका कागदावर लिहून घेतले पाहिजे. तो कागद उमेदवाराच्या दृष्टीस कधी पडणार नाही. पण त्याचे वर्ष वाया जाणे न जाणे त्यावरच अवलंबून असते.