यंत्राचा डोळा आणि कामगाराचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



ऑस्ट्रियात झ्वेन्टेनडॉर्फ येथे एक अणुवीजकेंद्र बांधून पूर्ण झाले. परंतु ते कधीच सुरू झाले नाही. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सार्वमत झाले, आणि समाजवादी चान्सलर ब्रूनो क्रायस्की स्वतः प्रकल्पाचे पुरस्कर्ते असतानाही निम्म्याहून किंचित अधिक मतदारांनी नकार दिला. किरणोत्सर्गाचा स्पर्शही न झालेल्या या केंद्रात २०१३ साली अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी आपला सर्पाकृती यंत्रमानव वाफेच्या नळांत सोडून पाहिला. लांबी सुमारे ३७ इंच, जाडी २ इंच, डोक्याशी कॅमेरा आणि दिवा. नळाला विळखा घालून तो चढतो, आत शिरून वळणे ओलांडतो आणि जेथे माणसाचा हात पोहोचत नाही तेथील चित्र बाहेर पाठवतो.

हे तंत्र सर्वशक्तिमान नव्हे. २०१५ साली जपानमधील फुकुशिमाच्या पहिल्या अणुभट्टीत सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून असेच एक सर्पसदृश यंत्र आत सोडले गेले. काही तासांतच ते अडकले आणि तेथेच सोडून द्यावे लागले. पण अडकले ते यंत्र, माणूस नव्हे. या एका फरकातच त्याचे सारे मोल आहे.

मग अशी यंत्रे सर्वत्र का दिसत नाहीत? अर्थशास्त्राचे उत्तर कठोर आहे. यंत्राची किंमत मालकाच्या हिशेबवहीत लागते. विषारी टाकीत उतरणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या फुप्फुसांची झीज त्या वहीत कोठेच नोंदली जात नाही. ती त्याचे कुटुंब सोसते. श्रम स्वस्त म्हणून जीव स्वस्त, आणि जीव स्वस्त म्हणून यंत्र महाग!

काही साथी विचारतील की यंत्र आले तर रोजगार जाईल त्याचे काय? विषात उतरण्याला रोजगार म्हणून जपणे ही आपली भूमिका असू शकत नाही. परंतु जो आज उतरतो, त्यालाच यंत्र चालवण्याचे शिक्षण आणि कायम नोकरी मिळाली पाहिजे, हा आग्रह आपण सोडता कामा नये.

तरीही केवळ दिसणे पुरेसे नाही. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वायू जाळून टाकणारा मनोरा निकामी होता, कारण त्याला जोडणारा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. शीतकरण यंत्रणाही बंद होती. या गोष्टी व्यवस्थापनाला दिसत नव्हत्या काय? उणीव डोळ्यांची नव्हती. काम थांबवण्याचा अधिकार कामगारांच्या हाती नव्हता, ही उणीव होती. त्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांत कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधित्वाच्या सुरक्षा समित्यांची तरतूद झाली. तरतूद आणि वस्तुस्थिती यांतील अंतर आपणांस ठाऊक आहे.

म्हणून आपली मागणी तिहेरी असली पाहिजे. धोक्याच्या जागी आधी यंत्र जावे. त्याने टिपलेले चित्र कामगार प्रतिनिधींना त्याच दिवशी दाखवावे. आणि त्यात तडा दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार त्यांना असावा. पहिली मागणी मालक कदाचित मान्य करील. उरलेल्या दोहोंसाठी मात्र संघटनाच उभी करावी लागेल.