काहिलीतला पाक आणि उजळणारा कार्बन

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आणि महाप्रसाद यांच्या मधल्या वेळात रसायनशास्त्राच्या मास्तराला उभं करणं म्हणजे मंडळाचं धाडसच आहे. पण घाबरू नका. आज तुमच्या घरी मोदकाच्या सारणात जो गूळ पडला, त्याच्याबद्दलच मी बोलणार आहे.

२०१२ साली आयआयटी गुवाहाटीच्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. पाव, बिस्किटं, कॉर्नफ्लेक्स, साखरेचा करपवलेला पाक आणि आपला गूळ, या सगळ्यांत त्यांना कार्बनचे अतिसूक्ष्म कण सापडले. आकार ४ ते ३० नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. या कणांवर अतिनील प्रकाश टाकला की ते स्वतः उजळतात. गुळातले कण मात्र फार मंद. शोषलेल्या हजार प्रकाशकणांपैकी जेमतेम पाच-सहा परत देणारे. पावातले बारा देतात. म्हणजे या बाबतीत बेकरीवाल्यानं आपल्याला हरवलं! (हे ऐकून उद्या कोणी व्हॉट्सॲपवर ‘गुळात नॅनो औषध’ असं पाठवू नये. कण आहेत म्हणजे औषध आहे, असं कोणी सिद्ध केलेलं नाही.)

या कणांचा शोध तसा अपघातानंच लागला. २००४ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात काजळीतून कार्बनच्या नळ्या शुद्ध करताना मळासारखं काहीतरी वेगळं झालं आणि ते दिव्याखाली चमकलं. २००६ मध्ये ‘कार्बन डॉट’ हे नाव पडलं. पुढच्याच वर्षी मेणबत्तीच्या काजळीपासूनही असे कण केले गेले.

२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉटना मिळालं, ते आपण वाचलं असेल. त्यांचा हिशेब सरळ आहे: कण लहान तर प्रकाश निळा, मोठा तर तांबडा. कार्बनच्या कणांचा हिशेब इतका सरळ नाही. कच्चा माल कोणता, त्यात नायट्रोजन किती, पाणी वापरलं की दुसरा द्रव, किती तापवलं, किती वेळ, नंतर कसं गाळलं, या प्रत्येक गोष्टीनं रंग आणि उजेड बदलतो. आकार सारखा असला तरी पृष्ठभागावर काय चिकटलं आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

हे ऐकलं की मला आमचे मामा आठवतात. मामा गुळव्या होते. निपाणीच्या आसपासची कितीतरी गुऱ्हाळं त्यांनी चालवली. काहिलीत रस उकळू लागला की भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, चुन्याचं प्रमाण रस बघून ठरवायचं आणि शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी धरते का ते पाहायचं. पाक तेव्हा ११५ ते ११८ अंशांच्या आसपास असतो. मामांनी थर्मामीटर कधी हातात धरला नाही. बुडबुड्यांचा आवाज ऐकून ते चुलवणात चिपाडं सारणाऱ्याला थांबवायचे. दोन मिनिटं उशीर झाला तर ढेप काळी, आणि बाजारात भाव पडलाच.

कार्बन कणांचंही तसंच आहे. २०१२ मध्येच कॉर्नेल विद्यापीठात सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल, आणि इथेनॉलअमाइन एकत्र तापवून पाहिलं. १८० अंशांना मिळालेला पदार्थ सुमारे ५० टक्के प्रकाश परत देत होता. तापमान आणखी वाढवत नेलं तसा कार्बनचा गाभा पक्का होत गेला, पण उजेड उतरला. १८० अंशांचा तो उजेड मुळात कणांचा नव्हताच. तो कण बनण्याआधीच्या लहान रेणूंचा होता.

हा मुद्दा मोठा आहे. चीनमधल्या जिलिन विद्यापीठाच्या गटानं २०१३ मध्ये सुमारे ८० टक्के उजेड देणारे कण केल्याचं प्रसिद्ध केलं. जगभर त्याचं कौतुक झालं. २०१५ मध्ये त्याच गटानं स्वतःच दाखवलं, की त्या उजेडाचा मोठा वाटा एका लहान रेणूचा आहे. मला त्यांच्या पहिल्या निबंधापेक्षा दुसऱ्याबद्दल अधिक आदर वाटतो.

कारण तीच वेळ माझ्यावरही आली. माझ्या एका विद्यार्थिनीनं गुळाचं पाणी टेफ्लॉन बसवलेल्या पोलादी भांड्यात १८० अंशांना पाच तास ठेवलं. घरातला कुकर १२० अंशांच्या आसपास जातो, त्याहून हे बरंच पुढचं. (घरी करून पाहू नका!) पाणी गाळून पातळ केलं आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं, तर छान निळं उजळलं. दाट ठेवलं तर काहीच दिसत नाही, गुळाचा तपकिरी रंगच प्रकाश गिळतो. आम्ही निबंध लिहून काढला. महिन्यानं पुन्हा केलं, तेच वजन, तेच तापमान, तेवढाच वेळ, आणि उजेड निम्म्याहून कमी. यंत्र तपासलं, दिवा बदलला, एकमेकांवर चिडलो. शेवटी तिलाच आठवलं, की पहिला गूळ गावाकडचा काळपट होता आणि दुसरा बाजारातला पिवळाधमक.

मग तिनं पहिलं पाणी बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून दोन दिवस स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवलं. लहान रेणू बाहेर येतात, कण आत राहतात. दिवा लावला तर उजेड सगळा बाहेरच्या पाण्यात! पिशवीत नावापुरता. तिची पुढची शिष्यवृत्ती त्या निबंधावर अवलंबून होती. मी गप्प होतो, खोटं कशाला सांगू. तीच म्हणाली, “सर, हे नको पाठवायला.” तिचं एक वर्ष गेलं.

त्याच सुमारास मामा आमच्याकडे आले होते. त्यांचं शेवटचं गुऱ्हाळ बंद होऊन सात-आठ वर्षं झाली होती. त्यांना ती बाटली दिव्याखाली दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि तिला विचारलं, “पोरी, ह्याची गोळी कधी धरली?”

“मामा, भांडं बंद असतं. आत दिसत नाही.”

“मग उतरवता कशावरनं?”

“घड्याळावरून.”

मामा हसले नाहीत. म्हणाले, “घड्याळाला काय कळतंय रस कुठला हाय ते?”

आता आम्ही एकाच गुळाची पाच लहान भांडी एकदम लावतो आणि दर तासाला एक उघडतो. प्रत्येकातलं पाणी आधी पिशवीतून काढतो, मगच दिवा लावतो. तिसऱ्या तासाचे कण पाचव्या तासापेक्षा उजळ निघाले. उजेड थोडाच आहे, पण गेल्या तीन वेळा तेवढाच आला आहे.