नवं इंद्रिय, नवा शेजारधर्म



लंडनच्या प्राणिसंग्रहालयात हान्स लिसमान या प्राणिशास्त्रज्ञाला एक आफ्रिकी मासा शेपटीच्या दिशेने, उलटा पोहताना दिसला. वाटेतल्या कशालाही तो धडकत नव्हता. जिम्नार्कस हे त्याचं नाव. डोळे अधू, राहायचं गढूळ पाण्यात. १९५१ साली केंब्रिजच्या लिसमान यांनी या माशाबद्दल जाहीर केलं की तो शेपटीतून सेकंदाला सुमारे ३०० सौम्य विद्युत-स्पंद सोडत राहतो. त्यामुळे अंगाभोवती तयार झालेल्या विद्युतक्षेत्रात कुठे काय बदललं, हे त्याची कातडी टिपते. पुढच्या प्रयोगांत बाहेरून हुबेहूब सारखी दिसणारी दोन सच्छिद्र भांडी पाण्यात ठेवली. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात पाण्यात बुडवलेली काचेची कांडी. कुठल्या भांड्यात काय आहे, ते मासा ओळखू शकत होता!

हे ज्ञान त्याला फुकट मिळत नाही. अंग वळलं की क्षेत्र विस्कटतं. म्हणून तो शरीर ताठ ठेवतो आणि पाठीवरचा लांबलचक पर हलवत पुढेमागे सरकतो. शेजाऱ्याचीही अडचण असते. दक्षिण अमेरिकेतल्या आयगेनमानिया जातीचे, जवळपास एकाच वारंवारितेचे दोन मासे जवळ आले की दोघांचीही जाण गोंधळते. मग ते आपापली वारंवारिता एकमेकांपासून दूर नेतात. वातानाबे आणि ताकेदा या जपानी संशोधकांनी हे १९६३ मध्ये नोंदवलं.

विज्ञानकथाकाराने थांबावं ते इथे. अशी माणसं असतील तर गर्दीच्या लोकलमध्ये सूर कोणी बदलायचा, थोरल्याने की धाकट्याने? लग्न होऊन आलेल्या मुलीने आडनावाबरोबर सूरही बदलायचा का? स्पंद बंद करून दुसऱ्यापासून लपता येईल, पण मग लपणाराच आंधळा होईल. झाकलेल्या मडक्यातलं बाहेरून कळत असेल, तर त्या समाजात चोरी कशी करतात आणि भेटवस्तू कशी देतात? एका माशातून एवढं सगळं निघतं.

आपल्याकडे मात्र जादा इंद्रिय म्हटलं की नायकाला मिळालेली शक्ती एवढाच अर्थ बहुतेकदा घेतला जातो. त्याला भिंतीपलीकडचं दिसतं, तो गुन्हेगार पकडतो, कथा संपते. अशी शक्ती मिळूनही त्याचं घर, त्याची भाषा, त्याची लाज जशीच्या तशी राहिली असेल, तर लेखकाने ते इंद्रिय वापरलंच नाही, असं स्पष्ट म्हणायला हवं.

एच. जी. वेल्स यांची आंधळ्यांच्या देशाची कथा १९०४ ची. अँडीज पर्वतातल्या त्या दरीत घरांना खिडक्या नाहीत. लोक उबेत, म्हणजे दिवसा झोपतात आणि गारव्यात, म्हणजे रात्री काम करतात. डोळस पाहुण्याचे डोळे हा तिथल्या वैद्याच्या मते आजार ठरतो. डॅनियल गलूय यांच्या १९६१ च्या ‘डार्क युनिव्हर्स’मध्ये जमिनीखालच्या अंधारात पिढ्या गेल्या आहेत. माणसं दगडावर दगड आपटून प्रतिध्वनीवर वाट काढतात, आणखी एका जमातीला उष्णता दिसते, आणि प्रकाश हा देव झाला आहे. देवाची ही कल्पना त्या कादंबरीची खरी कमाई. ओलाफ स्टेपलडन यांनी ‘स्टार मेकर’मध्ये (१९३७) चवीवर चालणारा समाज उभा केला आणि तिथले वंशभेदही चवीवरूनच ठरवले.

मराठीत कसोटी तयार आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा डॉ. जयंत नारळीकरांची होती. तिच्यातलं विज्ञान काढलं तर कथाच उरत नाही. इंद्रिय काढूनही कथा उभी राहत असेल, तर ते इंद्रिय नुसती सजावट होतं. सामग्रीसाठी लांब जायला नको. सह्याद्रीतल्या हिरवा चापडा या सापाच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये जो खळगा असतो, त्याने तो काळोखात भक्ष्याची ऊब हेरतो.

आणि इंद्रियं पाचच, हा हिशेबही तपासावा. डोळे मिटून बोट नाकाला लावता येतं ते यांपैकी कुठल्या इंद्रियाने? स्नायू-सांध्यांच्या या जाणिवेमागचा रेणू शोधण्याचा वाटा अर्डेम पटापुटियन यांच्या २०२१ च्या नोबेलमध्ये आहे. ती जाणीव गेली तर काय होतं, हे जोनाथन कोल या डॉक्टरांनी एका इंग्रज तरुणाबद्दल १९९१ च्या पुस्तकात सांगितलं आहे. एकोणिसाव्या वर्षी आजारातून त्याची मानेखालची ही जाण आणि स्पर्श गेला. वेदना आणि ऊन-थंड कळत राहिलं. नजर रोखून एकेक अवयव हलवत तो पुन्हा चालायला शिकला, पण दिवे गेले की तो कोसळायचा. हेच पात्र भारनियमनाच्या गावात आणून पाहा. जिना, न्हाणीघर, हातातला चहाचा कप, संध्याकाळी अचानक आलेला पाहुणा यांतला प्रत्येक प्रसंग नव्याने लिहावा लागेल.