गणवेश कोणाचा, शिवण कोणाची?



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी चालकांनी आम्हांस पाचारण केले, तेव्हा आम्ही जरा बिचकलो. या व्यासपीठावर प्राध्यापक बोलतात, वकील बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी संपले. पुढचे झाले ते कारखान्यांच्या गेटावर आणि कामगार वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. मात्र कापड, शिवण आणि मजुरी यांच्याशी आमचा तीस वर्षांचा संबंध आहे, आणि आजचा विषय त्या तिन्हींचा आहे. देशाच्या खेळाडूंनी परदेशात शिवलेला किंवा परदेशी कंपनीचा गणवेश घालावा काय, हा तो विषय.

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न नवा नाही. आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळ गावचे बाबू गेनू सैद मुंबईत गिरणी कामगार होते. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाची लॉरी अडविण्यासाठी ते तिच्यापुढे गेले आणि तिच्याखाली चिरडले गेले. वय जेमतेम बावीस. घोडनदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे. त्या पाण्यावर ज्यांची शेती पिकते, त्यांना परदेशी कापडाविषयी बोलण्याचा पहिला मान आहे असे आम्ही समजतो.

आता अलीकडची हकीकत पाहू. 2021 च्या जून महिन्यात टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्या भारतीय पथकाचा गणवेश जाहीर झाला. तो पुरविणारी कंपनी चिनी होती, ली-निंग नावाची. आदल्याच वर्षी गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान कामी आले होते. लोक खवळले आणि थोड्याच दिवसांत ऑलिंपिक संघटनेने त्या कंपनीला रजा दिली. आपले खेळाडू कोणत्याही कंपनीची मुद्रा नसलेला गणवेश घालून खेळतील असे ठरले. लोकांचा संताप आम्हांस कळतो. परंतु त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या कानी आले नाही. ते कपडे शिवले कोणी, आणि त्याला मजुरी किती मिळाली? पुढे 2023 साली क्रिकेट संघाच्या खांद्यावर आदिदास या जर्मन कंपनीचे तीन पट्टे आले, तेव्हा कोणाच्या भुवया चढल्या नाहीत. म्हणजे तो राग शेजारच्या राज्यावरचा होता. कामगाराचा त्यात काही संबंध नव्हता.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या पथकाचा संचलनाचा गणवेश चीनमध्ये शिवला गेल्याचे उघडकीस आले, आणि त्यांच्या सिनेटमधील एका वजनदार पुढाऱ्याने ते कपडे ढीग करून जाळावेत असे सुनावले. आपल्या परळमध्ये परदेशी कापडाची मोठी होळी झाली ती 31 जुलै 1921 रोजी, गांधीजींच्या हस्ते. नव्वद वर्षांनंतर तीच भाषा जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या तोंडी आली! पुढे 2014 च्या हिवाळी ऑलिंपिकचे गणवेश त्यांनी स्वदेशातच करून घेतले. करायचे मनात आले म्हणजे होते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आमचा स्वतःचा धडा आम्हांस निराळ्याच ठिकाणी मिळाला. 2021 च्या त्याच पावसाळ्यात पुण्याजवळच्या एका शिवण-कारखान्याच्या गेटावर आम्ही सभा घेतली. चिनी गणवेशाचा विषय ताजा होता, म्हणून आम्हीही तोंडसुख घेतले. ‘देशाचा गणवेश देशातच शिवला पाहिजे!’ टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर आंबेगावकडचीच एक बाई पुढे आली. तिने पिशवीतून कापडाचा एक तुकडा काढला. खेळाच्या शर्टाचा तो वाया गेलेला पुढा होता, त्यावर कुठल्याशा देशाचे चिन्ह होते. ती म्हणाली, “भाऊ, हे कुठल्या देशाचं?” आम्हांस ओळखता आले नाही. ती म्हणाली, “आम्हांलाही म्हाईत नाही. दिवसभर हेच शिवतो. उद्या त्या देशाचे लोक म्हणाले, आमच्या पोरांचे कपडे आमच्याच देशात शिवा, तर आम्ही काय खायचं?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पाण्याला उठायला मनाई, नगावर हिशेब, जादा वेळेचा मोबदला नाही, या तिच्या तक्रारी आम्ही वहीत टिपून घेतल्या होत्या. परंतु तिचा खरा प्रश्न त्या वहीबाहेरचा होता. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे अख्खे शहर परदेशच्या बनियनांवर आणि टी-शर्टांवर जगते. सर्व देशांनी आमचीच घोषणा दिली, तर त्या शहराच्या चुली विझतील.

मग बाबू गेनू चुकले काय? मुळीच नाही. त्या काळचा व्यापार सरळ नव्हता. 1896 साली परक्या सरकारने हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसविला होता, तो लँकेशायरच्या गिरण्यांची सोय पाहण्यासाठी. तो पुढे गेला, तरी व्यापाराचे नियम करणारे हात परक्यांचेच राहिले. बाबू गेनूंची लढाई होती ती त्या हातांशी. विलायतेतला कापूसकामगार त्यांचा वैरी नव्हता. 1931 च्या सप्टेंबरात गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले, डार्वेन येथे राहिले, आणि बहिष्कारामुळे ज्यांच्या कामावर गदा आली होती त्यांच्यात बसून त्यांनी आपली बाजू सांगितली. त्या कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. ज्याच्या मालावर बहिष्कार घालायचा त्याच्या दारी जाऊन कारण सांगायचे, ही स्वदेशीची खरी रीत होय.

दुसरी गोष्ट, ‘परदेश’ म्हणजे तरी किती लांब? आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वर्षभराने वडील ट्रंक आणि वळकटी घेऊन गावी परतले, ते कायमचेच. या सभागृहात अशी ट्रंक घरात असलेले पुष्कळ जण असतील. मुंबईचे ते कापड समुद्रापार गेले नाही. त्यातले बरेचसे भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. तेथे पाळी बारा तासांची, हजेरीपटाचा पत्ता नाही, आणि युनियनचे नाव काढण्याची सोय नाही. भिवंडी काही परदेश नव्हे, परंतु लालबागच्या कामगाराचे काम गेले ते गेलेच.

कामाला नेहमी उतार लागतो, आणि ते सर्वांत स्वस्त हाताकडे वाहत जाते. त्या उताराच्या तळाशी काय असते, ते 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात दिसले. ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसे मेली. बहुतेक सारे शिवणकामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरीही त्यांना कामावर चढविण्यात आले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांना कामगार संघटनांशी लेखी करार करावा लागला आणि कारखान्यांची तपासणी सुरू झाली. एवढ्या मरणांनंतर का होईना, कागदावर सही झाली.

आपल्या राष्ट्रध्वजाचेही तसेच. पूर्वी तो हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या कापडाचाच असे. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहिता बदलली आणि पॉलिस्टरच्या व यंत्रावर केलेल्या ध्वजालाही परवानगी मिळाली. ध्वज स्वस्त झाला, घरोघर पोहोचला, हे चांगलेच. परंतु हुबळीच्या आणि नांदेडच्या खादी संस्थांत ध्वजाचे काम करणाऱ्या हातांचे काय, हे त्या वेळी किती जणांनी विचारले?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. राष्ट्राच्या नावाने जो गणवेश घालायचा, तो शक्यतो देशात करावा. जनतेच्या पैशाने घेतलेला असेल, तर अवश्य करावा. परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये. खरेदीच्या करारात तीन अटी घालाव्यात. शिवणाऱ्या कारखान्याचे नाव जाहीर करावे. तेथे किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो याचा दाखला घ्यावा. आणि तपासणीला कामगारांचा प्रतिनिधी असावा. माल देशातला असो की परदेशातला, अटी त्याच. स्वदेशात उपाशी ठेवून शिवून घेतलेला गणवेश आम्हांस स्वदेशी वाटत नाही.

दिल्लीला हे कोण सांगणार, असे आपण म्हणाल. सुरुवात येथूनच करता येईल. आपल्या तालुक्यांत शाळांचे गणवेश घेतले जातात, कबड्डीच्या संघांचे शर्ट घेतले जातात, ग्रामपंचायती ध्वज विकत घेतात. पुढच्या खेपेस दुकानदाराला भाव विचाराल, तेव्हा एवढेच आणखी विचारा, ‘हे शिवले कोणी?’ दहा जणांनी विचारले तर तो हसेल. शंभरांनी विचारले तर त्याला उत्तर शोधावे लागेल.

तो कारखाना पुढे दोन वर्षांनी बंद झाला. काम आणखी स्वस्त ठिकाणी गेले. त्या बाईंना उत्तर देण्याचे आमच्याकडून राहून गेले होते. आज त्या श्रोत्यांत असतील, तर हेच ते उत्तर, उशिरा दिलेले. नसतील, तर आपल्यापैकी कोणी ते त्यांच्यापर्यंत पोहोचवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.