परिचारिकेचा पहारा

मृगाचा पाऊस पडून तरवा हातभर वाढला, कीं मालवणपासून कुडाळपर्यंत भातलावणीची धांदल उडते. स्त्रीपुरुष दिवसभर चिखलांत उभे असतात. त्याच पाण्यांत उंदरांच्या व गुरांच्या मूत्रावाटें एक मळसूत्री जंतु मिसळतो आणि पायाच्या भेगांतून शरीरांत शिरतो. हा लेप्टोस्पायरोसिस, लोकांच्या तोंडचा 'लेप्टो'. हायडेलबर्गच्या आडोल्फ वाइल यांनीं १८८६ सालीं त्याच्या उग्र रूपाचें वर्णन केलें. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईनें तो अनुभवला. सिंधुदुर्गांत मात्र त्याची भीति दर पावसाळ्यास असते.

आरंभीं तो साध्या तापासारखा दिसतो. डोकें दुखतें, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. वेळीं औषध मिळाल्यास बहुतेक रोगी बरे होतात. परंतु कांहींच्या मूत्रपिंडांवर वा फुप्फुसांवर घाला पडतो, आणि त्याची चाहूल बहुधा परिचारिकेलाच प्रथम लागते. कारण डॉक्टर येऊन जातात, रात्रंदिवस पहारा तिचा असतो.

पहाऱ्याचीं साधनें मोजकीं आहेत. स्वस्थ पडलेल्या प्रौढ मनुष्याची नाडी मिनिटास ६० ते १०० ठोके देते. श्वास १२ ते २० चालतात. रक्तदाब १२०/८० च्या आसपास राहतो. यांत श्वासाची उपेक्षा फार होते. कोणी श्वास मोजीत आहे असें कळतांच रोग्याची लय बदलते. म्हणून जाणती परिचारिका नाडी पाहून झाल्यावरहि मनगट सोडीत नाहीं. नाडीच पाहत असल्याचें भासवून ती छातीचें चढणें-उतरणें पूर्ण एक मिनिट मोजते. सकाळीं १८, दुपारीं २४ आणि सायंकाळीं ३० अशी नोंद झाली, तर रोगी तक्रार करीत नसला तरी ती डॉक्टरांना बोलावणें धाडते. फुप्फुसांत रक्तस्राव होऊं लागल्याचें तें चिन्ह असूं शकतें.

बोटास चिमटा लावून रक्तांतील प्राणवायु मोजण्याच्या युक्तीचें तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनीं १९७४ मध्यें पुढें आणलें. ती उपयुक्त खरी. पण हात गार पडले असतां किंवा नखांना रंग असतां ती फसवते, आणि सांवळ्या त्वचेवर आंकडा खऱ्याहून अधिक दाखवूं शकते. म्हणून यंत्र हातीं असलें तरी श्वास मोजणें सुटत नाहीं.

सर्वांत कठीण प्रसंग ताप उतरतो तेव्हां येतो. "सिस्टर, ताप उतरलो, आता घराक व्हरूं?" असें नातलग विचारतात. शेतीचीं कामें खोळंबलेलीं असतात. त्यांचें विचारणें गैर नसतें. परंतु तक्त्यावर उष्णता खालीं येत असतां नाडी चढत असेल, रक्तदाब घसरत असेल आणि लघवी कमी होत असेल, तर रोग हटलेला नसतो. पन्नास किलो वजनाच्या मनुष्यास ताशीं २५ मिलिलिटरहून कमी लघवी होणें हा धोक्याचा इशारा होय. एकटा आंकडा थोडें सांगतो. लागोपाठचे आंकडे एकाखालीं एक मांडले, म्हणजे रोगाची दिशा कळते.

या कामीं घरच्या माणसांचेंहि साहाय्य होतें. लघवी मोजल्यावांचून फेंकूं नये. आणि ताप येतांच दवाखाना गांठून, रोगी किती दिवस चिखलांत राबला हें विचारण्याची वाट न पाहतां सांगावें.