मुंबई ते लंडन : अंतर एक, तास अनेक



मुंबईहून लंडन किती दूर? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर सुमारे ७,२०० किलोमीटर. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. आज मध्ये न थांबता जाता येते.

वेळ किती, हा प्रश्न अधिक अवघड. उन्हाळ्यात दुपारी दोनला निघून दहा तासांनी उतरलात, तर लंडनचे घड्याळ संध्याकाळचे साडेसातच दाखवील. ते आपल्यामागे साडेचार तास आहे. परतीचा प्रवास सुमारे तासाभराने लवकर होतो. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना आडवे येतात, येताना पाठीशी असतात.

आम्ही युनियनची माणसे. तासांचा हिशेब मांडण्यात आमची हयात गेली. म्हणून विचारतो, हे दहा तास कोणाचे? विमान जागचे हलल्यापासून थांबेपर्यंत उड्डाणाची वेळ धरतात. पण प्रवाशांना चढवणे, बसवणे, सामान वर ठेवून देणे, ही कामे त्याआधीच चालू असतात. ते काम नव्हे काय? ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडात दहा हजारांवर हवाई सेवक-सेविकांनी संप केला. जमिनीवरचे हे बिनपगारी काम हा त्यातला मोठा मुद्दा होता. तडजोडीत त्या वेळेसाठी निम्मा दर कबूल झाला. निम्माच का, हे आम्हांस अजून उमगलेले नाही.